पोच देणारं कार्ड, पोच देणारे काका

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतील समस्त ग्राहक, हितचिंतक, सोयरेधायरे, तसेच केवळ वाटेत भेटणारी मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या थोरल्या बंधूंनी आजपासून स्वतः रामराम घालणे, पाणी विचारणे, तब्येतीची चौकशी करणे, लग्नाचे आमंत्रण स्वीकारणे आणि कोणाच्याही मयताबद्दल हळहळणे बंद केले असून, ही सर्व कामे यापुढे वेगळ्या यंत्रणेमार्फत पार पाडली जातील. तरी कृपया कोणीही गैरसमज करून घेऊ नये.

अशी जाहीर सूचना आम्ही तेव्हा ऑफिसच्या दारावर लावायला हवी होती. लावली नाही. लोकांनी गैरसमज करून घेतला, आणि असा घेतला की तो दूर करायला मला भावाला गाडीत घालून डोंगर चढावा लागला.

आधी आमचा धंदा सांगते. डहाणूच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे आणि आम्ही घरोघरी इंटरनेट देतो. मालक माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा. माणसं तो सांभाळतो, यंत्रं मी सांभाळते. तरुणपणी मला नाटकात जायचं होतं, घरच्यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला पाठवलं. त्यामुळे आजही कोणाच्या घरी राऊटर चालू झाला आणि हिरवा दिवा लागला, की मी जराशी वाकून नमस्कार करते. लोकांना वाटतं बाई देवभोळी आहे.

डहाणूत आमच्या तारा खांबांवरून जातात. तलासरीच्या पुढे उधव्याकडे तार नेणं परवडत नाही, म्हणून तिकडे इंटरनेट हवेतून जातं, एका तबकडीकडून दुसऱ्या तबकडीकडे. मध्ये डोंगर आडवा येतो. त्या डोंगराच्या माथ्यावर एक पाडा आहे, पाड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर आहे आणि त्याच्या अंगणात आमचा लोखंडी खांब उभा आहे. उधव्याच्या रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, शाळा, डेअरी, झेरॉक्सवाला, सगळे त्या एका खांबावर. खांब गेला की उधवा गेलं. आणि उधवा गेलं तर ते घ्यायला गुजरातच्या सीमेपलीकडची एक कंपनी टपूनच बसली होती. दादाने तो भाग घरोघर फिरून उभा केला होता. डहाणूत आमच्यासारखे पुष्कळ आहेत. दादाला दादा म्हणतात ते उधव्यात.

या खांबाचा कागद नाही, भाडंही नाही. म्हाताऱ्याच्या घरी इंटरनेट फुकट, आणि ते त्याची म्हातारी दिवसभर भजनं लावून वसूल करते. बाकी सगळं शब्दावर. त्या पाड्याची रीत अशी की आपल्या जमिनीवर परक्याला काही ठेवू दिलं, तर तो शब्द दरवर्षी नवा तांदूळ घरात आल्यावर ताजा करायचा. दादाने जायचं, ओट्यावर बसायचं, नव्या तांदळाचा भात खायचा, ताडी घ्यायची, बैलांपासून सुनांपर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. खांबाचं नाव काढायचं नाही. उठता उठता म्हाताऱ्याने आपणहून म्हणायचं, "राहू दे खांब." की पुढचं वर्ष मिटलं.

आता ऑफिसातल्या मशीनकडे येते. हायवेवरचे पेट्रोल पंप आणि ढाबे, घोलवडकडची चिकूची गोदामं, यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आमच्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये येऊन साठतं. पावसाळा सरता सरता हा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. त्याचा पंखा इतका ओरडायचा की शेजारचा शिंपी एकदा डोकावून म्हणाला, "ताई, गिरणी टाकलीत तर सांगायचं तरी. नाचणी दळायची होती."

मी आत काय चाललंय ते पाहिलं. मुख्य प्रोसेसर दमून गेलेला, आणि चित्रण साठवण्याचं मूळ काम मात्र रखडलेलं. मग हा दिवसभर करत काय होता? हा शिष्टाचार पाळत होता. कॅमेऱ्याकडून चित्र अखंड येत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात बसून येतो. पाकीट उघडायचं, वाटेत काही बिघडलं नाही ना हे बेरीज करून पाहायचं, मागचं पुढे आलं असेल तर ओळीत लावायचं, आणि पाठवणाऱ्याला "मिळालं हो" अशी पोच द्यायची. पोच नाही गेली तर पलीकडचा तेच पाकीट पुन्हा पाठवत बसतो. शिवाय बोलणं सुरू करताना "येऊ का", "या, मीही येतो", "बरं, आलो" एवढं झाल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. शेकडो कॅमेरे, आणि प्रत्येकाशी ही बडदास्त.

यावर उपाय बाजारात मिळतो. नेटवर्कचं एक कार्ड येतं, त्याला स्वतःचा छोटा मेंदू असतो. पाकिटं, बेरजा, पोचा, येऊ का आणि या बसा, हे सगळं ते कार्ड आपल्या अंगावर घेतं. प्रोसेसरला ते फक्त आतला माल देतं, साफ करून, ओळीत लावून. मी ते कार्ड मागवलं, बसवलं, आणि पंखा गप्प झाला. शिंपी हळहळला.

दादा संध्याकाळी आला तेव्हा पडद्यावर प्रोसेसरच्या कामाची रेघ जमिनीला टेकून पडली होती. आधी तीच रेघ छताला लागलेली त्याने पाहिली होती.

"बंद पडलं का?" त्याने विचारलं.

"नाही. रिकामा झालाय. वरचे सगळे शिष्टाचार कार्ड करतंय, हा फक्त मूळ काम करतो."

"म्हणजे याला आता कोणाशी बोलावं लागत नाही?"

"अजिबात नाही."

दादा खुर्ची ओढून त्या रेघेसमोर बसला. एखादा माणूस समुद्राकडे पाहतो तसा बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाय, मला पण असं कार्ड पाहिजे."

मी हसले. तो हसत नव्हता.

खरं सांगायचं तर त्याचं दुःख रास्त होतं. आमच्याकडे कामाचं कोणी आधी बोलत नाही. वायफाय बंद आहे हे सांगायला आलेला माणूस प्रथम बसतो, पाणी पितो, यंदा पाऊस कसा लांबला ते सांगतो, चिकूचा भाव सांगतो, चुलतभावाच्या साखरपुड्याला दादा का आला नाही हे विचारतो, आणि चप्पल पायात घालताना म्हणतो, "आणि ते नेट जरा बघा." त्या दोन शब्दांसाठी दादाची सकाळ जायची. यात मराठी रीत वेगळी, गुजराती वेगळी. मराठीत चहा नाकारून मग घ्यायचा असतो, गुजरातीत नाकारून चालत नाही. दादा दोन्ही बाजूंनी दमला होता.

दोन दिवसांत त्याला कार्ड सापडलं. आमच्या तालुक्यात एक काका आहेत, लग्नात माईकवरून आहेर पुकारायचं काम करतात. कोणी काय आणलं ते घेऊन, "आगरातल्या मामांकडून स्टीलचा हंडा, हंडा, मामांचे आभार" असं ते गातात, आणि हंड्याला असा मान येतो की मामाच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. काकांना सगळ्यांची नाती पाठ. मराठी, गुजराती आणि डोंगराकडची बोली, तिन्ही येतात. आणि मुख्य गुण म्हणजे, काका कधीही नाही म्हणत नाहीत. पुकाऱ्याला नाही म्हणून चालत नाही. जे येईल ते घ्यायचं आणि आभार मानायचे. लग्नं सुरू व्हायला अजून अवकाश होता, काका रिकामे होते.

दादाने त्यांना ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "काका, येईल त्याला तुम्हीच बसवायचं. रामराम तुमचा, पाणी तुमचं, चहा तुमचा, सुखदुःख तुमचं. मला आत फक्त काम सांगायचं. दोन शब्दांत."

"समजलं शेठ," काका म्हणाले. "मंडप मी सांभाळतो, तुम्ही बोहल्यावर बसा."

पहिले काही दिवस मी इतकी खूश होते की विचारू नका. एक बाई आल्या, सासूच्या गुडघ्यापासून सुरुवात केली, उरलेलं उद्या सांगते म्हणून गेल्या, दुसऱ्या दिवशी नणंदेच्या घराच्या वास्तुशांतीपर्यंत पोचल्या, तिसऱ्या दिवशी मांजराची कथा सांगितली. काकांनी तीन दिवसांचे तुकडे जोडले, आतलं दार उघडलं आणि दादाला म्हणाले, "राऊटरवर मांजर झोपतं." दार बंद. माझं महागाचं कार्ड नेमकं हेच करतं, पण मांजरासह कोणी करून दाखवलं नव्हतं.

दादाची रेघ जमिनीला टेकली. तो आत बसून पेन्सिलींना टोकं काढायचा. मग त्या टोकांना टोकं काढायचा. एकदा त्याने मला फोन करून विचारलं, "बाहेर कोण आलंय?" मी म्हटलं, बाहेर जाऊन बघ. तर म्हणाला, "छे, ते काकांचं काम."

मग काका ऑफिसच्या बाहेर पडले. दादाची सगळी येणीजाणी त्यांच्याकडे आली. बारशाला काका, पूजेला काका. एका घरी माणूस गेला होता, तिथेही दादाने काकांनाच पाठवलं. काका दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि सवयीने सूर लावला, "आमच्या शेठजींकडून या घरच्या दुःखात सहभाग, सहभाग, स्वीकार व्हावा." घरच्यांना हे नवीन होतं, पण काकांचा आवाज इतका भारदस्त की गेलेल्याच्या मोठ्या मुलाने उभं राहून स्वीकारलं. पुढे त्या गल्लीत लोक म्हणायला लागले की दुखवट्याला माणूस असावा तर असा.

याच सुमारास माझ्या कार्डाने एक गंमत केली. हायवेवरच्या एका पंपाच्या मालकाला सकाळचं चित्रण हवं होतं, कारण एका बैलाने त्याची पाटी पाडली होती आणि बैलाचा मालक म्हणत होता की माझा बैल त्या वेळी घरी होता. मी शोधलं, तर चित्रण नाही. कॅमेरा सांगतो, मी पाठवलं, मला पोच मिळाली. पोच खरीच मिळाली होती. कार्डाने पाकिटं घेतली होती, मिळालं म्हणून कळवलंही होतं, पण माल प्रोसेसरच्या हातात द्यायच्या आत वीज गेली. बैल कार्डाच्या पोटातच राहिला.

मी दादाला पेन्सिलींवरून उठवून हे समजावलं. "अरे, कार्ड पोच देतं म्हणजे निरोप आत पोचला असं नाही. आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते प्रोसेसरला दिसतच नाही. कॅमेऱ्याची ओळख आता कार्डाशी आहे, आपल्याशी नाही. म्हणून मी आता आत माल लिहून झाल्याची वेगळी खूण घेणार आहे."

"घे की," दादा म्हणाला.

"आणि काकांचं काय?"

"काकांचं काय? काका काय विजेवर चालतात?"

दिवाळी झाली. पाड्यावरून निरोप आला की नवा तांदूळ घरात आलाय. इतकी वर्षं हा निरोप आला की दादा नवा सदरा घालायचा. या वेळी त्याने आतूनच आवाज दिला, "काका, डोंगरावर जाऊन या. बसायचं, जेवायचं, ते म्हणतील त्याला हो म्हणायचं."

मी म्हटलं, "दादा, तिथे तू जा. तो खांब आहे."

"तिथे तर अख्खा दिवस शिष्टाचारच असतो. तेच तर काढून टाकलंय ना आपण?" ही कल्पना त्याला शिकवली होती माझ्याच मशीनने.

काका गेले, संध्याकाळी परत आले, दादाला म्हणाले, "सगळं व्यवस्थित." दोन शब्द. सोबत टोपलीभर नवा तांदूळ आणला होता, त्यावर एक नारळ आणि पांढरं कापड. दादा म्हणाला, बघ, माणसं किती प्रेमाची. तो तांदूळ आम्ही शिजवला, बोंबलाच्या कालवणाबरोबर खाल्ला. दादाने तीनदा वाढून घेतला.

तुळशीचं लग्न लागलं, माणसांची लग्नं सुरू झाली, आणि काका आपल्या माईकमागे परत गेले. दादाने बाहेरच्या खोलीत एक घंटा ठेवली, ती कोणी वाजवेना. मग एका सकाळी उधव्याहून फोन सुरू झाले. रेशनवाला, डेअरीवाला, शाळा, सगळ्यांचं नेट बंद. आमच्या वायरमनला पाड्यावर धाडलं. त्याने वरून फोन केला.

"ताई, खांब पाडलाय."

"वाऱ्याने?"

"नाही, माणसांनी. नीट आडवा झोपवलाय अंगणात. वर पांढरं कापड घातलंय. तबकडीला हळद लावलीय. मी हात लावायला गेलो तर म्हातारबाबा म्हणाले, आता त्याला त्रास देऊ नको."

दादाचा चेहरा उतरला. तासाभरात सीमेपलीकडच्या कंपनीची माणसं उधव्यात गिऱ्हाइकांच्या दारांत उभी असल्याची बातमीही आली. रेशनवाल्याने त्यांना उद्यापर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि रेशनवाला वळला की बाकीचं गाव वळणार होतं. दादाच्या हातात होता तो एक दिवस.

दादाने काकांना फोन लावला. काका घोलवडला एका मंडपात होते, आणि त्यांनी फोन घेतला तेव्हा माईक बंद करायचा राहिला. हे आम्हाला असं कळलं, की दादाने प्रश्न विचारला आणि त्यापाठोपाठ काकांच्या उत्तराचा प्रतिध्वनी यायला लागला.

"काका, म्हातारबाबांशी तुमचं काय बोलणं झालं?"

"सगळं व्यवस्थित, शेठ." शेठ, शेठ, शेठ.

"व्यवस्थित म्हणजे काय? सुरुवातीपासून सांगा."

"मी गेलो. मला बघून ते गप्प झाले. मग थोडे रडले. म्हणाले, फार चांगला माणूस. मी आभार मानले."

"कोण चांगला माणूस?"

"तुम्ही, शेठ. मग आजींनी डोळे पुसले. मी तेही स्वीकारलं. मग तांदूळ, नारळ, कापड दिलं, घरच्यांना द्या म्हणाले. मग विचारलं, त्याच्यामागे खांबाचं काय करायचं? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. ते म्हणाले, उरलेल्या भाताची झोडणी झाली की उतरवून ठेवू, त्याच्या नावाने उभा होता, त्याच्याबरोबर जाऊ दे. मी म्हटलं, बरोबर आहे."

फोनमधून शेपाचशे वऱ्हाडी गप्प बसल्याचा आवाज येत होता. सनईसुद्धा थांबली होती. दादा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला काही विचित्र वाटलं नाही?"

"वाटलं ना," काका म्हणाले. "पण तुम्ही सांगितलं होतं, म्हणतील त्याला हो म्हणायचं. आणि आत फक्त दोन शब्द."

मग पाड्यावर माहेर असलेल्या आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींनी उलगडा केला. त्या पाड्यात शब्द दिलेला असतो तो माणसाला. नव्या तांदळाला तोच माणूस येतो. त्याच्या जागी दुसरा आला, तर त्याचा अर्थ एकच, की पहिला राहिला नाही. त्या दिवशी मरणाचं नाव तोंडाने काढायचं नसतं, म्हणून कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. समजून घेतात, रडतात, आणि गेलेल्याच्या घरी टोपलीत तांदूळ, नारळ आणि पांढरं कापड पाठवतात.

"म्हणजे मी जेवलो ते..." दादा म्हणाला.

"तुमच्याच दुखवट्याचं," मावशी म्हणाल्या. "पण चांगलं केलंत. पोटात गेलेलं वाया जात नाही."

आम्ही लगेच गाडी काढली. पाड्याकडे वळायच्या आधी उधव्याचा नाका लागतो, आणि नाक्यावर फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली दादा, आमच्याच जाहिरातीतून कापून घेतलेला, त्यामुळे हातात राऊटर आणि चेहऱ्यावर भरघोस हसू. शेजारी लिहिलं होतं, "आपले कनेक्शन सदैव स्मरणात राहील." खाली शोकाकुल म्हणून अख्ख्या बाजारपेठेची नावं.

फ्लेक्स छापणारा झेरॉक्सवाला दुकानाच्या दारातच होता. त्याने दादाला गाडीतून उतरताना पाहिलं, क्षणभर फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा दादाकडे पाहिलं.

"दादा, तुम्ही," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं काहीतरी चुकतंय. परवा तुमच्या नंबरवरून बिलाचा मेसेज आला तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हा माणूस असा जाणार नाही."

"मग फ्लेक्स उतरवायचा ना."

"वर्गणीतून लावलाय, दादा. एकट्याने कसा उतरवू? पण फोटो चांगला आलाय की नाही, सांगा."

दादाने फोटो पाहिला आणि नाइलाजाने मान हलवली. खरंच चांगला आला होता.

आम्ही वर पोचलो तेव्हा म्हातारा ओट्यावर दोरी वळत बसला होता. अंगणात खांब आडवा, कापडाखाली. म्हाताऱ्याने मान वर केली, दादाला पाहिलं, आणि दोरी हातातून खाली ठेवली. आतून म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली, दादाला पाहून उंबऱ्यातच थांबली आणि तांब्या जमिनीवर ठेवून काठीने आमच्याकडे सरकवला.

आणि इथे माझ्या भावाने कमाल केली. दोन-अडीच महिने तो कोणाशी शिष्टाचाराचं बोललाच नव्हता. उधव्याची काळजी डोक्यात. तो ओट्यावर न बसता, पाणी न पिता, उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबा, खांब उभा करायचा आहे."

म्हाताऱ्याने शांतपणे म्हातारीकडे पाहिलं. "तो नव्हे हा," तो म्हणाला.

"मीच आहे, बाबा."

"आमचा शेठ आला की आधी बैलाला हात लावायचा. मग बसायचा. खांबाचं त्याने कधी नाव नाही काढलं. तू आल्याआल्या खांब मागतोस." त्याने हात जोडले. "बाबा, तू जिथला असशील तिथे जा. तुझं काही राहिलं असेल तर सांग, कोंबडं देऊ."

म्हातारी भुतावर टाकायचं मीठ आणायला आत गेली. मला समोर उधवा बुडताना दिसत होतं आणि हसू आवरत नव्हतं, दोन्ही एकदम. मी दादाच्या दंडाला जोराचा चिमटा काढला आणि म्हटलं, "शिष्टाचार. सगळा. पहिल्यापासून."

दादा भानावर आला. गोठ्याकडे गेला. तांबड्या बैलाच्या वशिंडावर हात फिरवला आणि विचारलं, "याचा मागचा पाय बरा झाला का, बाबा? गेल्या साली लंगडत होता." म्हातारा जरा पुढे सरकला. पण तो पक्का. त्याने एकेक उत्तर तपासायला सुरुवात केली, जसं माझं मशीन प्रत्येक पाकिटाची बेरीज तपासतं. कोणता पाय, ते विचारलं. धाकटी सून कुठली, ते विचारलं. वापीच्या कारखान्यातल्या मुलाला काय त्रास होता, ते विचारलं. दादा एकेक उत्तर देत गेला आणि प्रत्येक उत्तरामागे एक प्रश्न आपला जोडत गेला. पाऊस, नाचणी, कुंपणाचा तंटा, शेजाऱ्याची म्हैस. एका प्रश्नाला तो चुकला, म्हाताऱ्याने तोच पुन्हा विचारला, दादाने सुधारून सांगितलं. मीठ हातात घेऊन म्हातारी दारात उभी होती. ते तिला टाकता येईना आणि ठेवताही येईना.

मग दादा बसला. पाणी प्यायला. ताडी आली, ती घेतली. भात आला. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने वाढला आणि तो घशाखाली उतरतो का ते टक लावून पाहिलं. उतरला. मेलेल्याला जेवण उतरत नाही, हे त्या घरी सर्वमान्य होतं. पण एका घासाने म्हाताऱ्याची खात्री होईना, म्हणून त्याने पुन्हा वाढलं. दादाने खाल्लं. पुन्हा वाढलं. मला वाटतं गेल्या अनेक आठवड्यांचे न घातलेले रामराम दादाच्या आत साठून राहिले होते, ते आता बांध फुटल्यासारखे बाहेर येत होते. त्याने म्हाताऱ्याच्या वडलांची आठवण काढली. विहिरीची काढली. सुनेच्या माहेरच्या कुत्र्याची काढली. म्हातारा डोळे पुसत हसत होता, आणि प्रत्येक आठवणीमागे दादा ताट पुढे करत होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा दादा उठला. खांबाचं नाव त्याने काढलं नाही. ओठ गच्च दाबून धरले होते, ते मला दिसत होतं. म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला, चेपून पाहिला, ऊब आहे ना ते पाहिलं.

"राहू दे खांब," तो म्हणाला.

पाड्यातली माणसं जमली. कापड काढलं, खांब उभा केला, वायरमनने तबकडी फिरवून नेमकी दिशा साधली. खालून रेशनवाल्याचा फोन आला की अंगठे लागायला लागले. दादाने सुटकेचा श्वास सोडला, आणि आनंदाच्या भरात, निघायचं सोडून पुन्हा ओट्यावर टेकला. म्हणाला, "बाबा, मोठ्या जावयाचं विचारायचं राहिलंच."

म्हातारी तेव्हा रिकामं भाताचं पातेलं घेऊन आत चालली होती. ती तिथेच थांबली, पातेल्याच्या तळाशी पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि मला उद्देशून मोठ्याने बोलून गेली, "मेला होता तेच बरं होतं गं बाय, जेवायला तरी थांबत नव्हता."